उधाणाला बंद पडणारा संगणक

मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर उचललेलं असताना तू कोसळलीस. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव असं कारण लिहिलं. संध्याकाळी तुमच्या गावी, घिवलीला, तुझ्या भावाने, नितीनने, अग्नी दिला.

हर्षला, तुझं वय, शिक्षण, बोईसरमध्ये संगणक दुरुस्तीचं दुकान टाकणारी तू किनाऱ्यावरची पहिली बाई, हे सगळं गुरुवारच्या अंकात दोन परिच्छेदांत आलं. ते मीच लिहिलं. इथे ते परत लिहीत नाही. बातमीत जे बसत नाही ते इथे लिहितो आहे.

स्मशानात माणसं आपसांत बोलत होती. "गेल्याच महिन्यात सगळ्या तपासण्या केलेल्या. रिपोर्ट एकदम नॉर्मल." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. प्रत्येकाने ते सांगून माझ्याकडे पाहिलं, कारण आपल्या दोघांचं भांडण कशावरून चालायचं हे त्यांना माहीत होतं. तुझ्या मरणातून मी त्या भांडणाचा दृष्टान्त काढावा अशी त्यांची अपेक्षा दिसली. तो मी काढणार नाही. तुझ्या तपासण्या कसल्या होत्या, कोणी केल्या, त्यांत डोक्याचं काही होतं का, यातलं मला काहीही ठाऊक नाही. माहीत नसलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तुझ्या टेबलावरही चालायचं आणि माझ्याही. आणखी एक जण म्हणाला, "तिची वेळ आली होती." त्याला मी विचारलं, कशावरून? तो चप्पल शोधायला वळला. तू असतीस तर एवढ्यावर सोडला नसतास.

आपलं भांडण सुरू झालं ते माझ्या ऑफिसच्या संगणकावरून. पालघरच्या कार्यालयातला तो डबा दर आठवड्याला अडकायचा. मुख्य कार्यालयाने पाठवलेलं तपासणीचं सॉफ्टवेअर मी चालवलं. त्याने लाल अक्षरांत सांगितलं, हार्ड डिस्क निकामी होते आहे, बदला. मी तो कागद छापून तुझ्याकडे घेऊन आलो. तू कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवलास.

"डबा कुठाय?"

"रिपोर्ट आणलाय ना."

"पेपरवाल्या, तू बातमी लिवताना मानसाला भेटतोस का त्याचा फोटो बघून लिवतोस?"

दुसऱ्या दिवशी डबा आणला. तू तो उघडलास, डिस्कची वायर काढलीस, तिचं टोक माझ्या नाकासमोर धरलंस. आत हिरवट थर होता. "केळव्याकडून आला काय हा?" मी म्हटलं, आधी केळव्याजवळच्या माकुणसारच्या वार्ताहराकडे होता. तू हसलीस. समुद्राच्या हवेतून आलेलं तांबं हिरवं पडतं आणि कारखान्यांच्या पट्ट्यातून आलेलं काळं, त्यामुळे गिऱ्हाईक कुठलं हे तुला बोर्ड उघडल्यावर कळायचं. वायर बदललीस. तेच सॉफ्टवेअर परत चालवलंस. आता डिस्क उत्तम होती. डिस्क आधीही उत्तम होती. डिस्कशी बोलणं होत नव्हतं, आणि बोलणं होत नाही म्हणून त्या सॉफ्टवेअरने डिस्कलाच मेलेली ठरवलं होतं.

"हे सगळे टूल त्याच डब्यात चालतात," तू म्हणालीस. "चोराच्या घरात बसून, चोराचाच चा पिऊन चौकशी. काय सापडनार?"

हे वाक्य मला आवडलं, म्हणून मी ते लगेच मान्य केलं नाही. चांगलं वाक्य म्हणजे खरं वाक्य नव्हे. मी तुला विचारलं, मग टूल बरोबर आणि तू चूक, असं कधी झालंच नाही का? तू दाराच्या वर बोट दाखवलंस. दुकानाच्या दारात लोक लिंबू-मिरची लावतात तिथे तू एक हार्ड डिस्क दोऱ्याने टांगली होतीस. एका शाळेची होती. टूलने ती बदला असं सांगितलं होतं, तू कान लावून ऐकलंस आणि चालेल म्हणालीस. आठवडाभरात डिस्क गेली, सोबत मुलांचे निकाल गेले. शाळेला ते पुन्हा भरावे लागले. "ती रोज सकाळी मना बघते," तू म्हणालीस, "मी तिला." दारातल्या त्या डिस्कमुळे मी तुझ्याकडे येत राहिलो. आपली चूक दारात टांगणारं दुकान माझ्या माहितीत दुसरं नाही.

यानंतर सुगंधाचं प्रकरण आलं. ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावाचं नाव देत नाही, कारण सुनावणी संपलेली नाही. किनाऱ्यावरचं गाव, बंदरालगत एक खोली, तिथे सुगंधा दाखल्यांचं केंद्र चालवते. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला, बोटींचे परवाने, शिष्यवृत्तीचे अर्ज. नवरा बोटीवर खलाशी आहे. नवऱ्याच्या कमाईचा भरवसा समुद्रावर, म्हणून घराची खात्रीची मिळकत ती एवढीच. संगणक एका एजन्सीने करारावर दिलेला, सील लावलेला. तो चालता चालता पटकन बंद पडायचा. भरत आणलेला अर्ज जायचा, मुदत जायची, माणसं सुगंधाला बोलायची. तिने तक्रारी केल्या. एजन्सीचा इंजिनिअर आला, पेनड्राइव्ह लावला, दोन तास चाचणी चालवली आणि म्हणाला, "सब पास है, मॅडम." मेमरी पास, डिस्क पास, प्रोसेसर पास. अहवालात लिहिलं: यंत्रात दोष आढळला नाही, संगणक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आढळला, हाताळणीत निष्काळजीपणा. त्या अहवालावरून केंद्र रद्द का करू नये अशी नोटीस आली.

प्लास्टिकची गोष्ट खरी होती. बोटीवरचा जीपीएसचा सेट खाऱ्या वाऱ्यापासून जपायला जाड प्लास्टिकमध्ये बांधतात, वायरींपुरतं भोक ठेवतात. सुगंधाने संगणकालाही तसंच बांधलं होतं. त्या गावात टीव्हीलाही तसंच बांधतात. तू पहिल्यांदा तिथे गेलीस तेव्हा मीही बरोबर होतो. दारातूनच तू ओरडलीस.

"अगो बाय, हा काय बोटीवर चाललाय काय? श्वास कुठून घेनार तो?"

"खारं लागंल ना त्याला, हर्षलाबाय."

"खारं नंतर लागंल. आधी गुदमरून मरंल."

प्लास्टिक काढलंस. धूळ झटकलीस. तापून बंद पडतो, असं ठामपणे सांगितलंस. मी ते वहीत लिहूनही घेतलं. पुढच्या आठवड्यात सुगंधाचा फोन आला, उघडाच ठेवलाय, तरी बंद पडला. तू मला फोन केलास आणि पहिलं वाक्य बोललीस, "लिव, मी चुकले." मी म्हटलं, मी काहीच छापलेलं नाही. तू म्हणालीस, "तरी लिव."

मग तू तो डबा बोईसरला आणलास. सील तोडायचं नव्हतं, म्हणून बाहेरून जे जे लावता येतं ते लावलंस. एजन्सीचीच चाचणी, त्याशिवाय तुझ्याकडच्या आणखी दोन. डबा दिवसभर चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. सगळं पास. तू मला बोलावलंस आणि तो हिरवा पडदा दाखवलास.

"म्हणजे एजन्सी बरोबर," मी म्हणालो.

"म्हंजे टूलला काय दिसलं नाय. येवढाच अर्थ."

"तुलाही काही दिसलं नाही."

"मनाबी नाय. पन मी पास लिवत नाय. मी लिवते, म्हायत नाय."

याच टेबलावर तू मला बातमी लिहायला सांगितलंस. एजन्सी खोटं बोलते, गरीब बाईचं केंद्र बंद पाडते, अशी. मी नाही म्हटलं. एजन्सीकडे लेखी अहवाल होता, तुझ्याकडे संशय होता. संशयाला शीर्षक देता येत नाही. तू चिडलीस. "अहवाल म्हंजे पुरावा नाय रे! ती एक बाजू हाय. तुजे ते दोन दोन मानसांना विचारायचं कुठं गेलं? हितं एकाच मशीनला विचारून तू गप?" मी म्हटलं, दुसरा साक्षीदार आण, छापतो. तू स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटून म्हणालीस, "दुसरा साक्षीदार डब्याबरोबरच मरतो. बंद पडतो तवा टूलबी बंद पडतो. मेलेल्याची जबानी कोन घेनार?"

ती बातमी मी छापली नाही. तो निर्णय बरोबर होता, हे मी तुला तेव्हा सांगितलं आणि आजही तेच सांगतो. तू त्यावर पंधरा दिवस बोलली नाहीस. हे पंधरा दिवस कोणाचे वाया गेले, यावर आपलं एकमत व्हायचं राहिलं.

अबोला तू मोडलास. कारण सांगायला नव्हे, जिंकल्याचं सांगायला. सुगंधा तिचे अर्धवट राहिलेले अर्ज घेऊन दुकानात आली होती. तू वेळा विचारत होतीस. त्या वेळांना काही ताल नव्हता. एके दिवशी बाराला, दुसऱ्या दिवशी पाऊणला, मग दीडच्या पुढे, मग काही दिवस काहीच नाही. तू तक्ता करून बघितलास, काही लागेना. तेव्हा सुगंधा सहज बोलली.

"आठमीला कसा शाना ऱ्हातो. दिसभर चालतो. उधान लागलं का परत बंद पडतो."

तू मला नंतर सांगितलंस की चहा तसाच ठेवून तू पंचांग काढलंस. कोळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, आणि मग रोज पाऊण तासाने पुढे सरकते. ते दिवस उधाणाचे, पाण्याला जोर असतो, डोल जाळं लावणाऱ्या बोटी मासे घेऊन भरतीबरोबर बंदराला लागतात. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाला, पाण्याला ओढ नसते, त्याला भांग म्हणतात; बोटी कमी जातात. सुगंधाच्या अर्जांच्या वेळा तू तारखांऐवजी तिथींपुढे मांडल्यास. सगळ्या भरतीच्या आसपास निघाल्या. संगणक भरतीला बंद पडत होता. एजन्सीचा इंजिनिअर अष्टमीला आला होता.

"भांगाला येऊन गेलाय गाढव," तू फोनवर ओरडलीस. "उधानाला येऊ दे!"

मी विचारलं, समुद्राचा आणि संगणकाचा संबंध काय? तू म्हणालीस, "समुद्राचा नाय रे. बर्फाचा." बोटी लागल्या की बंदरावरचं बर्फ फोडायचं मशीन सुरू होतं. त्याची मोटर सुरू होताना विजेला एक हिसका बसतो. सुगंधाची खोली त्याच लाइनवर. हिसका डोळ्याचं पातं लवण्याएवढा. घरोघरचे पंखे तो पचवतात. या डब्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा सुटा भाग, आतून थकलेला असावा, त्याला तो पचत नाही. बोईसरला तुझ्या दुकानात थकलेला सप्लाय होता पण हिसका नव्हता, म्हणून पास. असे हिसके झेलणाऱ्या यूपीएसची बॅटरी एजन्सी बदलायला घेऊन गेली होती, ती परत आलेली नव्हती. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत संगणक एकदाही बंद पडला नव्हता. एजन्सीने तेही सुगंधाच्या विरुद्ध वापरलं होतं: नीट वापरलं की नीट चालतो.

मी म्हटलं, हे सगळं पटतं, पण "असावा" म्हणालीस. मोज. आपण दोघं सुगंधाकडे गेलो; डबा तू चाचण्या झाल्यावरच तिला परत पोचवला होतास. तू भिंतीच्या सॉकेटला मीटर लावलास. बर्फाचं मशीन सुरू झालं, संगणक पटकन गेला आणि मीटरचा आकडा जवळपास हलला नाही. मी मीटरकडे बोट दाखवलं. तू वैतागून म्हणालीस, "तो दर सेकंदाला दोनदा बघतो. हिसका त्याच्या दोन बघन्यांच्या मधून जातो. तू रस्त्याकडं दिवसातून दोनदा बघतोस, म्हनून मधी गाडी गेलीच नाय?"

मग तू पर्समधून जुना काचेचा साठ वॅटचा बल्ब काढलास, त्याच बोर्डाला लावलास. पुढच्या वेळी मोटर सुरू झाली तेव्हा बल्ब मिचकला. पिवळा होऊन परत पांढरा. मी पाहिलं, सुगंधाने पाहिलं. अणुशक्ती केंद्राच्या चिमण्या खिडकीतून दिसत होत्या. तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "दिव्याखाली अंधार म्हनतात तो हाच."

"हर्षला," मी म्हटलं, "बल्ब हेही यंत्रच आहे. तू यंत्राच्या विरुद्ध यंत्रच आणलंस."

"हो. पन त्याला पास लिवायला कोनी शिकवलेलं नाय."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. अजून आहे. बल्ब मिचकला हे दिसलं. किती मिचकला, किती वेळ, कशाने, हे दिसलं नाही. जिथे तू थांबलीस तिथून मोजणी सुरू व्हायला हवी होती, आणि मोजायला पुन्हा टूलच लागतं, तुझ्या मीटरपेक्षा बारीक नजरेचं. तू टूलला शिव्या देत होतीस, खरं तर तुला अजून चांगलं टूल हवं होतं. हे मी तुला सांगणार होतो. शनिवारी भेटायचं ठरलं होतं.

तुझी आणखी एक गोष्ट मला तेव्हा पटली नव्हती. एजन्सीच्या डब्यात आहे तसाच, पण चांगला पॉवर सप्लाय तुझ्या कपाटात होता. सील एजन्सीच्या परवानगीने काढून बदलला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी तसं म्हणालो. सुगंधाही म्हणाली, "बाय, बदलून टाक ना, मना काम करू दे." तू तिच्यावर खेकसलीस.

"आज बदलला तर उद्या चालंल. मग ते म्हनतील, बघा, चालतोच हाय, बाईच निष्काळजी होती. मना दुरुस्ती नको. मना हा त्यांच्या डोळ्यापुढं बंद पडायला पायजे. आधी बंद, मग दुरुस्ती."

सुगंधा घाबरली होती. केंद्र गेलं तर परत मिळत नाही, हे तिला माहीत होतं. तू तिला धीर दिला नाहीस. तू अर्ज लिहायला बसलीस. तालुक्याच्या कार्यालयात फेरतपासणी मागितलीस आणि तारीखही स्वतःच सुचवलीस: पौर्णिमेनंतरची द्वितीया, दुपारी एक. नायब तहसीलदारांनी विचारलं म्हणे, हीच तारीख का? तू म्हणालीस, "साहेब, त्या दिवशी त्याला बरं नसतं." त्यांनी तारीख दिली. तो शुक्रवार होता. तू मंगळवारी गेलीस.

बुधवारी सुगंधाचा फोन आला. ती आधी रडली, मग म्हणाली, "दादा, पुढची तारीख मागू काय? हर्षलाबायशिवाय मना बोलता येनार नाय त्यांच्यापुढं." बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मी तिला सांगितलं. भरती पुढे ढकलता येत नाही. तुझ्या टेबलावर तू एवढं काम करून ठेवलं होतंस की आता फक्त वेळेवर हजर राहायचं होतं. हे वाक्य मी धीर द्यायला म्हटलं नाही, तपासून म्हटलं.

गुरुवारी नितीनने दुकानाचं शटर उघडलं. सुतकात असूनही तो आला. बल्ब तुझ्या पर्समध्ये होता, पर्स झेरॉक्सवाल्याने मंगळवारी काउंटरखाली ठेवलेली. सप्लाय कपाटात. दारातली डिस्क दोऱ्याने तशीच टांगलेली होती. नितीनने विचारलं, "ही काढू काय?" मी नको म्हटलं. ती माझी नाही, त्यामुळे हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. तरी सांगितलं.

लोक म्हणतात, माणूस गेलं की वाद मिटतात. आपला मिटलेला नाही. तू म्हणायचीस, टूल जेवढं ओळखतं तेवढंच शोधतं. बाकीचं त्याच्यासाठी नसतंच. मी म्हणायचो, माणूसही तेच करतो, आणि वर स्वतःवर विश्वास ठेवतो. प्लास्टिक तू ओळखत होतीस, म्हणून तुला आधी प्लास्टिक सापडलं. भरती तर त्याहून ओळखीची, तरी ती दिसायला सुगंधाला बोलावं लागलं. तुझ्या हुशारीची आरती ओवाळणारे लेख येतील. त्यांत "जादूची बोटं" असेल. ते खोटं असेल. तू चुकायचीस, मोठ्याने चुकायचीस, चूक टांगून ठेवायचीस आणि "म्हायत नाय" हे शब्द कागदावर लिहायचीस. तुझ्या धंद्यात हे शब्द लिहिणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. माझ्या धंद्यात तर नाहीच. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तू ते मानू दिले नसतेस, "चल, गिऱ्हाईक हाय" म्हणाली असतीस. म्हणून इथे मानतो. इथे तुला मध्ये बोलता येत नाही.

शुक्रवारी काय झालं ते सांगतो.

नायब तहसीलदार, एजन्सीचा इंजिनिअर, सुगंधा आणि मी खोलीत होतो. नितीन दारात उभा होता. इंजिनिअर तरुण आहे, बोईसरमध्ये राहतो. त्याने आल्या आल्या विचारलं, "वो मॅडम नहीं आईं?" सुगंधाने त्याला सांगितलं. त्याने हातातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मेरे को बोला था उन्होंने, भांग में मत आना. मैं समझा मज़ाक है." भांग म्हणजे काय हे त्याला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. सुगंधाने सांगितलं.

त्याने सील तपासलं. संगणक सुरू केला, तीच चाचणी लावली. मी बोर्डाला बल्ब लावला. मेमरी पास. डिस्क पास. पडद्यावर हिरव्या ओळी एकाखाली एक येत होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, "किती वेळ बसायचं?" सुगंधा म्हणाली, "बोटी दिसायला लागल्यात साहेब." खिडकीतून खरंच दिसत होत्या. टोपल्या घेऊन बायका बंदराकडे चालल्या होत्या.

बर्फाचं मशीन सुरू झालं. बल्ब मिचकला. पडदा काळा झाला.

सुगंधाने टाळी वाजवली आणि ओरडली, "मेला! बघा, मेला!" मग तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मेला हा शब्द त्या खोलीत त्या दिवशी कोणालाच उच्चारायचा नव्हता. नितीन दारातून म्हणाला, "बोल ग, बोल. तिला आवडला असता."

इंजिनिअरने संगणक परत सुरू केला. चाचणीच्या नोंदीत बंद पडल्याचं कारण काहीच नव्हतं. नोंद मध्येच संपत होती. त्याने चाचणी पहिल्यापासून पूर्ण चालवली. त्या वेळात बर्फाचं मशीन बंद होतं. निकाल आला: दोष आढळला नाही. तो निकाल त्याने साहेबांना दाखवला आणि स्वतःच म्हणाला, "ये अभी भी पास बोल रहा है." साहेबांनी दोन्ही गोष्टी पंचनाम्यात लिहायला सांगितल्या, बंद पडलेली आणि पास झालेली.

मग त्याने सील काढलं, झाकण उघडलं. सप्लायच्या आत वीज साठवणारे दोन कपॅसिटर फुगलेले होते, डोक्यावर तपकिरी डाग. त्याने फोटो घेतले. त्याच्या परवानगीने तुझ्या कपाटातला सप्लाय बसवला. साहेबांनी माणूस पाठवून बर्फाचं मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. बंदरावरून शिव्या ऐकू आल्या, मासे थांबत नाहीत. तरी केलं. बल्ब मिचकला. संगणक चालू राहिला. पुन्हा केलं. चालू राहिला. पंचनाम्यावर पाच सह्या झाल्या. इंजिनिअरची पहिली.

हिसका किती व्होल्टचा होता, किती वेळाचा होता, हे मोजलेलं नाही. कपॅसिटर कधीपासून फुगलेले होते, हेही माहीत नाही. या दोन्ही ठिकाणी मी पंचनाम्यात "माहीत नाही" लिहायला सांगितलं. ते लिहिलं गेलं.

शनिवारी बातमी छापून आली. दोन साक्षीदार होते.

हा मजकूर सोमवारी संध्याकाळी लिहून पुरा होतो आहे. केंद्राची नोटीस मागे घेतल्याचा आदेश अजून निघालेला नाही. पंचनामा वरिष्ठांकडे गेला आहे, एवढंच कार्यालयातून सांगितलं. यूपीएसची बॅटरी आलेली नाही. आज भरती दुपारी चारच्या सुमारास होती. बोटी लागल्या, बर्फाचं मशीन सुरू झालं. सुगंधा एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. संगणक बंद पडला नाही. अर्ज दाखल झाला.